बाभळीच्या फुलांचे पातळ

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज आपण सगळ्याजणी एकाच नमुन्याचे पातळ नेसून बसलो आहोत. मघापासून बाहेरच्या पाहुण्या मला विचारीत आहेत की हे कापड कोणत्या दुकानात मिळाले? हे दुकानातले नव्हे, मंडळाने स्वतः काढून छापून घेतलेले आहे, असे सांगितले म्हणजे दुसरा प्रश्न ठरलेला : पण बाभूळच का? फुलांना काय दुष्काळ पडला होता? त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून कार्यकारिणीने मला उभे केले आहे. मी काही वक्ती नव्हे. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला, त्यामुळे खडू हाती असला तरच मला बोलता येते. तेव्हा कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

गोष्ट गेल्या वर्षीच्या सभेपासूनची. पंचवीस वर्षे पूर्ण होतात तर सगळ्यांनी एकसारखी पातळे घ्यावीत असे ठरले आणि दुसऱ्याच दिवशी नमुन्यांचा ढीग येऊन पडला. त्यात वारली होते, कलमकारीसारखे छापील होते, मधुबनीचे मासेही होते. सगळेच देखणे. पण वारलीचा नमुना हातात घेऊन आपल्यातल्या एकीने विचारले, "हे डहाणूकडचे. ते आंध्रातले. ते बिहारचे. मग आपले काय?" त्यावर कुणालाच चटकन काही बोलता आले नाही.

खरे म्हणजे वारली चित्रे ही लग्नाच्या वेळी सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची चित्रे. ती कागदावर आणून जगभर पोचवली जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्या कलेला आता भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे ती त्या माणसांच्या अंगणातली, त्यांच्या आठवणीतली वस्तू आहे. आपण ती विकत घ्यावी, आवडीने वापरावी, त्यांच्याकडूनच घ्यावी. पण आपल्या वर्धापनदिनाला आपण दुसऱ्याच्या अंगणातली आठवण का नेसावी, असा तो प्रश्न होता. आणि मला तो पटला.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याने कुणाकडे पाहावे हे सांगायलाच नको. २०२४ साली जिल्ह्याला जिचे नाव मिळाले ती अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक. जन्म १७२५ चा. महेश्वरला राजधानी केल्यावर तिने तिथे विणकरांना आश्रय दिला आणि त्या मागांवरची माहेश्वरी साडी आजही आपण हौसेने घेतो. त्या साडीच्या काठांची नावे कधी नीट ऐकली आहेत का? एक 'ईंट', म्हणजे वीट. एक 'चटाई'. एक 'लहर', ती नर्मदेची लाट. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावर जे कोरलेले होते, समोरच्या नदीत जे रोज दिसत होते, तेच काठावर आले. काठाला नमुना शोधायला कुणी परमुलखात गेले नाही. मग आपण का जावे?

कापडाची ही विद्या आपल्याकडे परकीही नाही. नगर शहरात पद्मशाली मंडळींचे हातमाग होते, लुगडी विणली जात. छापण्याचे आणि रंगवण्याचे काम भावसार समाजाकडे, म्हणून त्यांना रंगारी म्हणत. आपल्या आज्या ज्याला चीट म्हणत, त्याच छापील कापडाचे नाव घेऊन इंग्रजांनी आपला 'चिंट्झ' शब्द केला. ठसे उमटवणाऱ्यांचे सामानही स्वयंपाकघराबाहेरचे नव्हते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे, तुरटीच्या ठशाने तांबडा रंग धरायचा, आणि काळ्यासाठी गंजके लोखंड व गूळ पाण्यात घालून आंबवायचे. बाभळीच्या सालीतूनही तपकिरी रंग निघतो. ही बाभूळ पुढे यायची आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

तर काम माझ्याकडे आले. मी सगळ्यांना एकच विनंती केली की प्रत्येकीने लहानपणी पाहिलेली एक वस्तू चिठ्ठीवर लिहून द्यावी. वस्तूच लिहावी. 'आईची माया' असे लिहू नये, कारण ते कापडावर काढता येत नाही. आपण बेचाळीसजणी. बेचाळीस चिठ्ठ्या आल्या. त्या वाचताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. कुणी जात्याभोवती पडलेल्या पिठाचे वर्तुळ लिहिले होते. कुणी सागरगोटे, कुणी हादग्याच्या खिरापतीचा डबा, कुणी हुरड्याचे कणीस. एकीने मढीच्या यात्रेतली रेवडी लिहिली आणि शेजारी कंसात 'गाढवांच्या बाजारासकट' असेही लिहिले. अकोले तालुक्यातल्या आपल्या भगिनीने आजीच्या बियाण्यांची उतरंड लिहिली. त्याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळाली, तेव्हा ती उतरंड केवढी मोलाची होती ते आपल्याला कळले.

आता माझी चिठ्ठी. माझे माहेर पाथर्डी तालुक्यातले. १९७२ साली मी नऊ वर्षांची होते. त्या साली पाऊस आलाच नाही. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना तो दुष्काळ आठवत असेल. रेशनवर परदेशातला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, आणि जिकडे तिकडे खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जाणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्यात एक माझी आई. त्याच अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पण तो झाला तेव्हा माझ्या आईच्या तळहाताचे घट्टे जुने झाले होते.

माझ्या चिठ्ठीवर मी लिहिले : घमेले. आणि चित्रही तेच काढले. खडीच्या ढिगांचे त्रिकोण, त्यांच्यामध्ये घमेली आणि कडेने हातोड्यांची ओळ. चित्र म्हणून ते चांगले झाले होते. त्रिकोण आणि गोल यांची जोडी कापडावर शोभते. मला मनातून अभिमानही वाटला की आपण खरे तेच काढले, नटवेपणा केला नाही.

ते घेऊन मी घरी आईला दाखवायला गेले. आई माझ्याजवळच असते. तिने कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "ह्ये काय काढलंस गं?"

मी म्हटले, "आई, बहात्तरचं काम. तू खडी फोडायचीस ना, ते."

"आन् हे आंगावर घ्यायचं?"

मी म्हटले, "आपल्या कष्टांची आठवण."

त्यावर ती जे बोलली ते मी तिच्या परवानगीने सांगते. ती म्हणाली, "कष्ट माझं व्हतं. तू मिरवायचं का? त्या घमेल्यानं मला फोडाबिगर काय दिलं? येक ईस दिस गेलं नव्हतं न् हाताची साल निघाली. पातळ म्हंजी लेनं आसतं बाई. त्याच्यावर ढिगारं कशाला घालतीस?"

भगिनींनो, मला राग आला. मनात म्हटले, हिला चित्र काय कळते! दोन दिवस मी तिच्याशी त्या विषयावर बोललेच नाही. पण तिचे एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कष्ट माझे होते, मिरवायचे तू का? खरेच होते ते. खडी तिने फोडली. मी शेजारी बसून धाकट्या भावाला सांभाळत होते. घमेले ही माझी आठवण होती, पण त्यातले ओझे तिचे होते. ज्याचे ओझे त्याला न विचारता आपण त्याची नक्षी करीत होतो. वारलीबद्दल सभेत जी गोष्ट मला पटली होती, तीच मी माझ्या घरात विसरले होते.

तिसऱ्या दिवशी मीच तिला विचारले, "मग तुला त्या सालातलं काय आठवतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाभळ."

"कोणती बाभळ?"

"कामावरची. तुझ्या भावाची झोळी बांधली व्हती ती. पाऊस न्हवता, तरी फुलली. पिवळी फुलं त्याच्या आंगावर पडायची. मी पाटीवर पाटी टाकून आले की बघायची, पोरगं फुलात निजलंय. तेवढं बघितलं की पुढची पाटी उचलायची."

मी त्याच बाभळीखाली बसत होते. झोळीला झोका मीच देत होते. पण मला फुले आठवत नव्हती. मला भूक आठवत होती. ती सांगू लागली तेव्हा मात्र एकेक येऊ लागले. ते पिवळे गोंडे मी कानात अडकवत होते. वाळलेल्या शेंगा पायाला बांधून पैंजण करीत होते. दोघींनी एकच साल काढले, पण माझ्या वाट्याला त्यातले घमेले राहिले आणि तिच्या वाट्याला फूल राहिले. राबणारी ती होती, तरी.

मग मी जुना कागद बाजूला ठेवला आणि बाभूळ काढली. गोल पिवळे गोंडे, बारीक पानांच्या पिसासारख्या डहाळ्या, मण्यांच्या माळेसारखी शेंग. काटे मी मुद्दाम काढले नाहीत. आईला दाखवले तर ती म्हणाली, "आन् काटं कुठं गेलं? काट्याबिगर बाभळ व्हय?" म्हणून जोडीजोडीने येणारे ते लांब काटे आले. पुढे आपल्या सभेत याच काट्यांवरून दोन तास वाद झाला. काहींना ते अशुभ वाटले, काहींना आंबा किंवा कुयरी हवी होती. तेव्हा मी सभेत एवढेच सांगितले होते की हे काटे माझ्या आईने घालायला लावले आहेत. आज त्याचे सविस्तर कारण सांगितले.

आता थोडे कामाचे बोलते, कारण पुढे कुणाला घरच्या लग्नाला, मुंजीला असे कापड करावेसे वाटले तर आमच्या चुका तुम्हाला उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, निवड. बेचाळीस आठवणी एका पातळावर मावत नाहीत. सगळ्या घातल्या तर कापडाचा बाजार होतो. आम्ही अंगभर बाभूळ ठेवली, काठावर ज्वारीची कणसे घेतली आणि पदरावर सागरगोटे. बाकीच्या चिठ्ठ्या मंडळाच्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षांना त्या पुरतील.

दुसरी गोष्ट, जोड. छापील कापडावर एकच चौकोनी तुकडा पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्याच्या कडा एकमेकींना नीट मिळाल्या नाहीत तर कापडावर वहीसारख्या रेघा दिसतात. आमचे पहिले सहा मीटर असेच वाया गेले. दर बारा इंचांवर बाभळीची डहाळी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी दिसे. दोष माझाच. त्यावर जुना उपाय आहे. चौकोनी कागदावर मधोमध चित्र काढावे, कडांना लागू देऊ नये. मग कागद उभा मधोमध कापून डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे घेऊन चिकटवावा. आता जुन्या कडा मध्ये आल्या, तिथली मोकळी जागा भरावी. मग कागद आडवा कापून वरचा भाग खाली न्यावा आणि पुन्हा मोकळे राहिलेले भरावे. एवढे केले की चारी कडा आपोआप जुळतात. शिवाय शेजारची ओळ अर्ध्याने खाली सरकवावी, गवंडी विटांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाही तशी. म्हणजे फुले पलटणीसारखी ओळीत उभी राहत नाहीत.

तिसरी गोष्ट, छपाईचा प्रकार. लाकडी ठशांचे काम सुंदर, पण प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरावा लागतो आणि प्रत्येक ठसा हाताने उमटवावा लागतो. यंत्राने संगणकावरून थेट शाई फवारून छापतात, त्यात ठसा नाही की चौकट नाही, म्हणून एक मीटरही छापून मिळते. नमुन्याला ते सोयीचे. तिसरा प्रकार चौकटीचा. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग खाली ओढतात, दर रंगाला एक चौकट. चौकट करण्याचा खर्च एकदाच येतो, तो दहा मीटरवर पडला तर भारी, अडीचशे मीटरवर पडला तर हलका. आपल्यात तिघी नऊवारी नेसणाऱ्या. त्यांना सव्वाआठ मीटर आणि बाकीच्यांना पोलक्यासह सव्वासहा, असे मिळून सुमारे २७० मीटर कापड लागले. म्हणून चौकटीचा मार्ग धरला आणि रंग तीनच ठेवले : पिवळा, शेवाळी आणि तपकिरी. जमीन ज्वारीच्या भाकरीची.

चौथी गोष्ट, रंग. फोनवर पाहून रंगाला होकार देऊ नये. फोनमधला रंग हा उजेडाचा असतो, कापडावरचा रंग उजेड परतवून दिसतो. दोन्ही एक नव्हेत. आम्ही फोनवर पाहून होकार दिला आणि बाभळीचा पिवळा लिंबासारखा हिरवट होऊन आला. वर्गणीचे पैसे गेले म्हणून बोलाचालीही झाली. त्या सहा मीटरच्या मंडळाने पिशव्या शिवल्या आणि त्या विकून काही रक्कम परत मिळवली. दुसऱ्या वेळी वीतभर कापडाचा नमुना मागवला, दुपारच्या उन्हात पाहिला, रात्री दिव्याखाली पाहिला, धुतला, आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून रंग सुटतो का तेही पाहिले. मगच छापायला सांगितले. आणखी एक. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच आटते. पोलके शिवण्यापूर्वी कापड भिजवून घ्यावे. ज्यांनी ऐकले नाही त्यांची पोलकी आज कशी बसली आहेत ते त्यांनाच ठाऊक.

शेवटचे सांगते आणि बसते. लहानपणच्या आठवणींचे कापड करायचे म्हणजे आपल्याच मनात पाहावे, असे मला सुरुवातीला वाटत होते. पण आपले लहानपण एकट्याचे नसते. आपण झोका देत होतो तेव्हा शेजारी कुणीतरी पाटी उचलत होते. त्या माणसाला विचारल्याशिवाय आठवण पुरी होत नाही. मी विचारले नसते तर आज आपण सगळ्याजणी घमेली नेसून बसलो असतो आणि माझी आई घरी राहिली असती. ज्यांच्या घरी अजून विचारायला माणूस आहे, त्यांनी आज रात्रीच विचारावे. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीला तेवढा वेळ आहे, पण माणसांना तो असतोच असे नाही.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिघींतली एक नऊवारी तिची. पातळ घरी आले त्या दिवशी तिने पदर उलगडून काट्यांवरून बोट फिरवले आणि घडी घालून ट्रंकेत ठेवून दिले. नेसशील का, असे मी विचारले नाही. आज सकाळी ती ते नेसून तयार होती आणि मलाच म्हणाली, "चल लवकर, उशीर व्हतोय."